न उकळलेलं

पांढऱ्या टाइलवरचा गुलाबी थेंब आधी नुसता थेंबच होता. संयोगितानं काडीनं त्यात म्हशीच्या रक्तातलं सीरम कालवलं, टाइल उचलून हलकेच डोलवली, तान्ह्याला मांडीवर डोलवावं तशी, आणि थेंबाच्या कडेला रवा दिसायला लागला... नासक्या दुधासारखा. शेजारचे, बाकीच्या म्हशींचे थेंब मात्र गुळगुळीत, शहाण्यासारखे बसून होते. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. ब्रुसेला. गाभण जनावराचं पोट रिकामं करणारा, माणसाला ताप देणारा जंतू — शाहूपुरीतल्या या लॅबमध्ये इतकी वर्षं ती त्याला ओळखत होती, पण जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला ओळखावं तसं. हा कधी आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसेल असं काही मनात न येता.

नळीवर नाव होतं बनाबाईचं.

बनाबाई म्हणजे बनामावशी. गल्लीच्या टोकाला दुधाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी तिची म्हैस उभी राहते. आपण ग्लास पुढं करायचा, तिनं त्यात धार सोडायची, आणि फेसासकट ते कोमट दूध तिथंच उभ्यानं संपवायचं. वल्लरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्यापासून संयोगिता तिला रोज तिथं नेत होती. स्वतः. हाताला धरून. दिवसभर गोठेवाल्यांना फोनवर सांगायचं, दूध उकळूनच प्या हं, मग फोन ठेवायचा, पर्स उचलायची आणि पोटुशी लेक कट्ट्यावर न्यायची... यात काही विसंगत आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. उकळायचं ते दूध वेगळं, लोकांचं. हे बाबांचं दूध होतं — बाबांच्या खांद्यावर बसून प्यायलेलं, ओठावर पांढरी मिशी उमटवणारं. त्याला कसले आलेत जंतू? विज्ञान एका खोलीत, बाबा दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार मी कधी उघडलंच नाही. उघडायची गरजच काय होती मला?

आणि वल्लरीला गेल्या आठवड्यापासून संध्याकाळची कणकण येत होती. ऊन बाधलं असेल, असं संयोगितानंच ठरवून टाकलं होतं. तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून, वर कौतुकानं म्हणालीसुद्धा होती, की उद्या एक ग्लास जास्त पी.

गोठ्यांवरून नमुने आणणाऱ्या डॉक्टर धैर्यशीलना तिनं फोन लावला. ते समजुतीनं बोलत राहिले — ही प्राथमिक चाचणी, पक्कं निदान पुढच्या तपासणीत, कधी लसीमुळंही असं दिसतं. पण म्हैस दुधावर असताना सहाव्या महिन्यात गाभडलीय, तेव्हा आशा बेतानंच धरा, आणि हो, बनाबाईकडं कच्चं दूध पिणारी गिऱ्हाइकं शोधायला लागतील. मग हसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही नाही ना जात कट्ट्यावर?"

संयोगिताही हसली. हसणं हे काही उत्तर नसतं, पण फोनवर चालून जातं.

वल्लरीला मात्र तिनं फोन करून सांगितलं — म्हणजे निम्मं सांगितलं. की आज कट्ट्यावर जाऊ नकोस, उद्या तुझं रक्त तपासून घेऊ, सातव्या महिन्यात घेतातच. पोरीनं कारण विचारलं तेव्हा तिच्या तोंडून एवढंच निघालं, की बनामावशीची म्हैस आजारी आहे.

"अगंबाई," वल्लरी म्हणाली, "बरी होईल ना गं बिचारी?"

दिवसभर ते वाक्य तिच्या मागं मागं फिरलं. नळ्या धुताना, डबा उघडून तसाच मिटताना... तिला दिसत राहिली ती सहा महिन्यांची गर्भाची पिशवी, कधीतरी एका गाभडलेल्या वासराच्या तपासणीत पाहिलेली, निळसर, ओली — आणि ती चटकन दुसरं काहीतरी आठवायला बघायची, बाजार, भाजी, जावयाचा फोन, आणि फिरून त्या ओलेपणाशीच यायची.

संध्याकाळी ती एकटीच कट्ट्यावर गेली. म्हैस रवंथ करत होती, निवांत. बनामावशीनं नेहमीसारखा पदरानं ग्लास पुसला, तेव्हा तिनं हातानंच नको म्हटलं आणि जवळ वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सगळं सांगितलं. मावशी आधी बघतच राहिली.

"तुझा बाप माझ्या सासूच्या म्हशीची धार पीत हुता, आन् तू त्येच्या खांद्यावर," ती म्हणाली. "कुनाला काय झालंय सांग की."

यावर द्यायचं उत्तर संयोगिताला तोंडपाठ होतं. 

पण त्याआधी मावशीचाच आवाज उतरला. "गाभडली तवा वार अडकली हुती गं तिची. डाक्टर येस्तवर कोन थांबतंय? म्याच हात घातला कोपरापातुर. तवापास्नं सांजचं अंग मोडून येतंय, घाम सुटतोय. म्हनलं, वय झालं." तिनं दोन्ही हात पुढं धरले, भेगाळलेले. "मग माझ्याबी अंगात आलंय व्हय त्ये?"

सबंध दिवसात बनामावशी तिच्या मनात एकदाही आली नव्हती. आली ती नळीवरचं नाव म्हणून. संयोगिता म्हणाली, उद्या तुमचंही रक्त घेऊ, औषध आहे यावर, बरं होतं. आवाज चांगला लागला होता, गोठेवाल्यांशी बोलतानाचा. ते हात आता हातात घ्यायला हवे होते. पण तिची नजर नखांवर अडकली — हेच हात महिनाभर वल्लरीला ग्लास देत होते — आणि आपण मागं सरकलोय हे तिला पाऊल मागं पडल्यावरच कळलं. मावशीला आधी कळलं असावं, कारण तिनं हात पदराखाली घेतले.

 इतक्या वर्षांत पहिल्यांदाच संयोगिताला तो जंतू खरा वाटत होता, अंगाला चिकटल्यासारखा खरा... आणि त्या खरेपणात लेकीपुरतीच जागा होती. स्वतः कितीही आकसून उभी राहिली, तरी बनामावशीसाठी जागा होत नव्हती.