सयाजीचा दुसरा जबाब

डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची आशा सोडली होती आणि उजव्याबद्दल ते काही बोलत नव्हते. त्या आठवड्यात सयाजी बायकोला म्हणाला, "वर्षा, एकदा राधानगरीच्या तळ्याकडं जाऊन येऊया की. सकाळी निघायचं, संध्याकाळला परत."

वर्षाराणीला वाटलं, नजर आहे तोवर त्याला तेवढं पाणी बघून घ्यायचं असेल. वीस वर्षं त्यानं त्या काठच्या गावांतलं दूध टेम्पोतून वाहिलं होतं, पण तिला तिकडं कधी नेलं नव्हतं. मुरगूडातलं आपलं ब्लाऊज शिवायचं दुकान तिनं एक दिवस बंद ठेवलं, दशम्या केल्या, दह्याचा डबा भरला. गाडी तीच चालवणार होती. नवऱ्याची नजर जायला लागली तशी, पन्नाशीला टेकलेली असताना, ती क्लास लावून शिकली होती.

मुदाळ तिट्टा मागं पडेपर्यंत तो तिला शिकवत होता. त्या ट्रॅक्टरला जाऊ दे, हितं दुसरा गिअर टाक. राधानगरी सोडून दाजीपूरचा रस्ता लागला आणि तो गप्प झाला. झाडांमधून पाणी दिसायला लागलं.

"केवढं पसरलंय वं!" ती म्हणाली.

"म्होरच्या वळणावर गाडी बाजूला घे."

तिनं घेतली. तो उतरला नाही. काचेतून रस्त्याच्या कडेकडं बघत राहिला.

"हितंच," तो म्हणाला. "मीरासाब."

नाव तिला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी, थंडीतल्या एका सकाळी सयाजीच्या टेम्पोखाली सापडून वारलेला माणूस. पुढच्या गावात स्टोव्ह आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. धुकं दाट होतं, बघणारं कुणी नव्हतं. सयाजीनं पोलिसांना जबाब दिला, की माणूस झोकांड्या खात एकदम आडवा आला, प्यायलेला असावा. कोर्टानं पुराव्याअभावी सोडून दिलं.

"त्यो पेलेला नव्हता," सयाजी म्हणाला. "झोकांड्या बी खात नव्हता. कडंनं नीट चालला हुता, पिशवी घेऊन. मीच खाली बघत हुतो. फोन वाजला म्हणून."

वर्षाराणीचे हात स्टिअरिंगवरच राहिले.

"माझा," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली. "तुला ठावं हाय?"

"'हां, बोल' म्हणालासा, आन् म्होरं नुसता आवाज आला. मग कट झाला. मी किती येळ त्या फोनकडं बघत बसलेली."

"मग कधी इचारलं न्हाईस."

"इचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं."

शेजारून एक एसटी गेली, तिच्या वाऱ्यानं त्यांची गाडी हलली. मग तो म्हणाला, की मीरासाबच्या बायकोला हे सांगायचं आहे, आणि तिच्या तोंडाकडं बघून सांगायचं आहे, म्हणून नजर आहे तोवर, आजच. वर्षाराणीनं गाडी सुरू केली.

पुढच्या गावात मीरासाबची बायको जुलेखा अंगणात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसली होती. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत बाई. सयाजीनं नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "कोर्टात बघितलंय तुमास्नी."

तिनं बसा म्हटलं नाही. त्यानं उभ्यानंच सांगितलं. चुकत, थांबत, पण सगळं.

"कुणाचा फोन?" तिनं विचारलं.

"घरचाच. कामाचा," सयाजी म्हणाला.

"माझा, भाभी," वर्षाराणी मध्येच म्हणाली. "काठच्या गावात कुणाची तरी म्हैस व्यालीय म्हणून हे आदल्या दिवशी सांगत हुते. चीक आणा म्हणायला केलता."

"चीक," जुलेखा म्हणाली. एवढंच. मग तिनं सुई वाकळीत खोचली आणि सयाजीकडं वळली.

"माणूस गेला. ते अल्लाची मर्जी म्हणून मी सोसलं. पर पाच येळची नमाज पढणारा माझा माणूस, आन् गावानं त्याला बेवडा केला. रिपोर्टात दारू निघाली न्हाय, कागद ट्रंकंत हाय. गाव कागद वाचतंय व्हय? तुमी म्हणालासा, तेच गावानं धरलं. माझ्या झिशानला शाळेत पोरं बेवड्याचा म्हणून हाक मारायची. जयसिंगपूरला गॅरेजात लागला, तवापासनं सणाला बी ईत न्हाय."

सयाजीनं हात जोडले. "माफी मागाय—"

"माफी ऱ्हाऊ द्या. मला सांगून काय उपेग? त्यो पीत नव्हता हे मला ठावंच हाय की. पाच वाजता सोसायटीत दूध घालाय गाव जमतंय. तितं सांगा."

सयाजीचं तोंड उतरलं. गावातले निम्मे लोक त्याच्या ओळखीचे होते. पहाटे त्यांचे कॅन त्यानं उचलून टेम्पोत चढवले होते. तो वर्षाराणीकडं बघत राहिला. तिनं गाडीची किल्ली पिशवीत टाकली.

"सांगतो," तो म्हणाला.

तेव्हा साडेबारा वाजले होते. दोघं अंगणातच भिंतीला टेकून बसली. जुलेखा शिवत राहिली. दशम्या गाडीत होत्या, पण वर्षाराणीला त्या काढायचं धाडस होईना. तीनच्या सुमाराला सयाजीचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला.

जुलेखानं ते पाहिलं. "साखरेचं दुखणं हाय काय ह्यास्नी?"

"व्हय."

"मग खायला घाल की. हितं पडू देऊ नगंस. बोलायचं हाय अजून त्यास्नी."

तिनं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला आणि परत वाकळीपाशी जाऊन बसली. वर्षाराणीनं गाडीतून दशम्या-दही आणलं, त्यानं ते खाल्लं. आपली दशमी तिनं तशीच फडक्यात बांधून ठेवली.

पाच वाजता सोसायटीसमोर किटल्या, बादल्या घेऊन तीस-चाळीस माणसं होती. जुलेखानं सेक्रेटरी गणपतरावांना मापं थांबवायला सांगितली. अकरा वर्षांत ती बाई चारचौघांत कधी एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती, त्यामुळं ते लगेच थांबले.

"मी सयाजी, टेम्पोवाला," सयाजी म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं परत सांगितलं. "मीरासाब पेलेला नव्हता. मी खोटं बोललो. मी फोनकडं बघत हुतो. चूक सगळी माझी."

कुणीतरी ओरडलं, "अकरा वर्सांनी आठवलं व्हय रं?" एकानं पुढं येऊन त्याची कॉलर धरली. वर्षाराणी मध्ये शिरली, पण तिच्याआधी जुलेखाचा आवाज आला.

"सोडा त्याला. हात नगा लावू. ऐका फकस्त."

कॉलर सुटली. गणपतरावांनी विचारलं, "हे पोलिसांत लिहून देशील?"

"उद्या देतो."

मग जुलेखानं मोबाईल काढला, लेकाला लावला आणि सयाजीच्या हातात दिला. "आता ह्याला सांगा."

सयाजीनं सांगितलं. तीच चार वाक्यं, पण ती म्हणताना तो दोनदा थांबला. पलीकडून गॅरेजातली ठोकाठोक ऐकू येत होती. ती बंद झाली. मग पोरगा म्हणाला, "अम्मीला द्या."

जुलेखानं फोन कानाला लावला. "व्हय," ती म्हणाली. "समद्यांच्या म्होरं. गणपतराव हाईत, समदी हाईत." मग तिनं पदर तोंडावर घेतला आणि सोसायटीच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. बायकांतली तानाबाई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं मापं परत सुरू झाली.

नवरा-बायको गाडीत बसली, तेव्हा जुलेखा रस्त्यापर्यंत आली होती. "दिवस हाय तवर निगा," ती वर्षाराणीला म्हणाली. "आन् परत येऊ नगा."

दुसऱ्या दिवशी सयाजीनं नवा जबाब लिहून दिला. त्यावर वर्षाराणीनंही आपलं म्हणणं लिहून सही केली. केस परत उघडेल की नाही, उघडली तर काय होईल, हे वकिलालाही नीट सांगता येईना. ती दोघं वाट बघत राहिली. त्या घरात आता गप्प बसायचं कारण उरलं नव्हतं, तरी बोलणं फार होत नसे.

ईदच्या दिवशी गणपतरावांचा फोन आला. झिशान आलाय, म्हणाले. सकाळपासनं ओट्यावर बसलाय, माणसं येऊन भेटत्यात.

"भाभींचा काय निरोप?" वर्षाराणीनं विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "निरोप काय न्हाय."