दुसरा पाय

रत्नम्मांच्या गळ्यातली चांदीची डबी दरीत पडून पाऊण तास झाला होता, आणि दरीकाठच्या कठड्याजवळून त्या हलायला तयार नव्हत्या.

डबीत इष्टलिंग होतं, लिंगायत जन्मभर अंगावर बाळगतात ते. उदगीरला, माहेरी, सातव्या वर्षी गुरूंनी गळ्यात बांधलेलं. त्याची पूजा झाल्याशिवाय रत्नम्मा पाण्याचा थेंब घेत नसत. आज पहाटे मुक्कामाच्या घरातले नळ गोठले होते, म्हणून पूजा राहिली. "ऊन निघालं की वर करते," असं म्हणून त्या तशाच गाडीत बसल्या. म्हणजे काल रात्रीपासून पोटात पाणी नव्हतं, आणि ही जागा समुद्रसपाटीपासून चार हजार दोनशे मीटरवर होती.

त्यांची सून अक्षरा लातूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. चढावर सासूबाईंना धाप लागली तेव्हा तिनेच त्यांच्या जॅकेटची चेन खाली ओढून डबीचा दोरा सैल केला होता. गाठ परत मारली ती जाड हातमोजे घालूनच. रत्नम्मा कठड्यावरून वाकल्या आणि दोरा सुटला. मातीच्या सुळक्यांमधून डबी दोनदा चमकली, मग दिसली नाही.

गाठीचं तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

सहा जणांच्या त्या सहलीचा वाटाड्या छेरिंग स्पितीतलाच होता. त्याने रत्नम्मांच्या बोटाला पुन्हा यंत्र लावलं. ऑक्सिजन बहात्तर. बाकीच्यांचा पंच्याऐंशीच्या आसपास होता. खाली उतरता येणार नाही, माती पायाखाली सुटते, हे त्याने दोनदा सांगून झालं होतं. आता तो अक्षराला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाला, यांना पाणी द्या आणि लगेच खाली न्या, उशीर झाला तर छातीत पाणी भरेल.

अक्षराला ते ठाऊक होतं. सासूबाईंची नखं निळसर दिसायला लागली होती.

"आत्या, एक घोट घ्या. पाया पडते तुमच्या."

"न्हाई."

"मग नुसतं गाडीत तरी चला."

"त्येला हितं टाकून?" रत्नम्मांनी दरीकडे हात केला. बोलताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. "तू जा. मी हाय हितं."

छेरिंगने आणि अक्षराने त्यांना उचलून बघितलं. रत्नम्मांनी कठड्याला मिठी मारली. झटापट संपली तेव्हा आकडा अडुसष्ट होता. पुन्हा तसं करायची अक्षराची हिंमत झाली नाही.

ती गाडीकडे पळत गेली. पळणं म्हणजे दहा पावलं, मग छाती धरून उभं राहणं. गाडीला टेकून सहलीतलेच वीरभद्र उभे होते. लातूरला औसा रोडवर त्यांचं टायरचं दुकान. घराणं जंगमाचं, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंचं, पण दुकानात त्यांना कुणी स्वामी म्हणत नसे.

"काका, तुम्ही जंगम ना? त्यांना पादोदक द्या. तुमच्या पायावरचं तीर्थ. जंगम म्हणजे चालतंबोलतं लिंगच, त्याला त्या नाही म्हणणार नाहीत."

"माझ्या पायाचं?" वीरभद्र हसले. अक्षरा हसली नाही. "अगं पोरी, काल आम्लेट खाताना बघितलंय त्यांनी मला."

"दुसरं काही उरलं नाही, काका."

वीरभद्र खाली बसून बुटाची नाडी सोडू लागले.

वाऱ्यात त्यांनी उजवा पाय उघडा केला आणि रत्नम्मांसमोर दगडावर ठेवला. अक्षराने थर्मासमधलं कोमट पाणी अंगठ्यावर ओतलं आणि खाली वाटी धरली. वर्गात ती जंतूंबद्दल जे काही शिकवायची ते सगळं तिला आठवलं. तिने वाटी पुढे केली.

रत्नम्मांनी तोंड फिरवलं. "टायरवाल्याचं पानी? अंडं खाल्लेल्याचं?"

"आक्का, अंडं म्या तोंडानं खाल्लं," वीरभद्र दात वाजवत म्हणाले. "पायानं न्हाई. पाय बापजाद्यांचा हाय."

पाय जांभळा पडत चालला होता.

"नवीन लिंग कोन देनार?" रत्नम्मांनी त्या पायाकडे बघत विचारलं.

"मी स्वतः नेतो मठात. लातूरला उतरलो की आधी मठ, मग घर. पर त्याच्यासाठी खाली यावं लागतंय, आक्का. मठ हितं न्हाई."

रत्नम्मांनी ओंजळ पुढे केली. तीन घोट घेतले, ओला हात डोळ्यांना लावला आणि कठडा सोडला.

गाडी वळणं उतरू लागली. एकोणसत्तर. अडुसष्ट. पुन्हा एकोणसत्तर. अक्षराने वीरभद्रांचा पाय मांडीवर घेतला होता आणि ती दोन्ही तळव्यांनी तो चोळत होती. नजर यंत्रावरून हलत नव्हती. तीन घोटांनी काही भागत नाही, हे तिच्याइतकं त्या गाडीत कुणाला कळत नव्हतं.

"आत्या, गाठ मी मारली होती," ती म्हणाली. "हातमोजे न काढता."

रत्नम्मांचे डोळे मिटलेले होते. श्वास घरघरत होता. ऐकलं की नाही, ते कळेना. एक वळण गेलं, दुसरं गेलं. वीरभद्रांनी कसाबसा मोजा चढवला, बूट घातला.

मग रत्नम्मांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"स्वामी," त्या म्हणाल्या, "दुसरा पाय हाय न्हवं तुमाला?"

वीरभद्र डाव्या बुटाची नाडी सोडू लागले. अक्षराने दोन्ही हातांनी वाटी धरली आणि छेरिंगने थर्मास ओतला.