डावा हात

अंगावरून वारं कसं जातं, हे पारूबाई इतकं हुबेहूब करून दाखवायची की कुंभिवलीच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं बोबडं. मग झटकन सरळ उभी राहून ती दटावायची, "हसता काय गं? असं कुणाचं झालं तर भगत नको, कबुतराचं रगत नको. सरळ दवाखाना गाठायचा!" आरोग्य केंद्राची सेविका होती ती, आणि बोलायला कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

तिच्या आईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा घरच्यांनी दोन दिवस अंगारेच लावले होते. आई गेली. म्हणून नवऱ्याला, बुधाजीला, तिने बजावून ठेवलं होतं, "नाटकात मी उजवा हात पाडते. डावा पडला तर खरं समजा. कुणासाठी थांबू नका."

"तुझी शपथ," बुधाजी म्हणाला होता.

एके दिवशी तिचा हा कार्यक्रम बघायला जिल्ह्याचे साहेब आले होते. कार्यक्रम पसंत पडला तर बुधाजीला केंद्रात शिपाई म्हणून घेतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. पारूबाई बोलायला उभी राहिली आणि तिचा डावा हात जो खाली आला तो वर जाईचना. जीभ जड झाली. बायांनी टाळ्या पिटल्या. तिने बुधाजीकडे पाहिलं. त्याने तो हात पाहिला, तिचे डोळे पाहिले, आणि मान साहेबांकडे वळवली.

अरे मेल्या, शपथ कुणाची घेतली होतीस!

"लई जीव तोडून करते, दमली," तो साहेबांना म्हणाला. तिला भिंतीला टेकवून बसवलं. भाषण झालं, हार झाले, चहा झाला. तासाभराने साहेबांची जीप गेली, तेव्हा कुठे हा टेंपो शोधायला धावला. पारूबाईला सगळं कळत होतं. हात गेल्यापेक्षा ती वळलेली मान तिला जास्त लागली.

वर्षाने खाकी कपड्यातला बुधाजी तोच कार्यक्रम करत होता. बायकोला खुर्चीत बसवून तो गळा काढून म्हणाला, "मला तवा कळलंच नाय वो! तुमी तरी वळखा."

पारूबाईने उजव्या हाताने खुर्ची घट्ट धरली. एकेक शब्द ओढत काढला.

"कळलं... व्हतं... तुमाला."

या वेळी एकही बाई हसली नाही.