सैतानाच्या वळणावरची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नव्हे, शाळेतली. लाकडी मुठीची, हातात धरून हलवायची. आज मी सिंगापुरात, यिशुनच्या एका उंच इमारतीत, मेधाताईंच्या देवघरात बाळकृष्णाच्या डाव्या हाताला बसते. समोर तुपाचं निरांजन तेवत असतं, उदबत्तीचा धूर सरळ वर जातो. इतकी शांत जागा माझ्या वाट्याला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. कारण माझं तरुणपण गेलं ते जमीन हादरवणाऱ्या आवाजाच्या काठावर.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. भट्टीची आच आठवते, वाळूच्या साच्यातला अंधार आठवतो. मी निवाल्यावर म्हाताऱ्या कारागिरानं मला नखानं टिचकी मारली आणि माझा आवाज पुरता विरेपर्यंत तो डोळे मिटून बसून राहिला. मग नुसती मान हलवली. तेवढं कौतुक मला पुढं कित्येक वर्षं पुरलं.

मला सिंगापुरातल्याच, अप्पर थॉमसन रस्त्यालगतच्या एका खेड्यातल्या शाळेनं घेतलं. दाट झाडी, झाडांवर माकडं, आणि त्यातून जाणारा अरुंद डांबरी रस्ता. शाळेत क्वेक सर गणित शिकवायचे. अंगानं काटकुळे, आवाज इतका हळू की मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. म्हणून शाळा सुटली हे सांगायला ते मला घेऊन अंगणात उभे राहत. त्यांना जे मोठ्यानं बोलता येत नसे, ते मी बोलत असे. आमचं चांगलं जमलं.

वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुट्टीत, आमचा तो रस्ता ओळखू येईनासा होई. बस बंद, सायकली बंद. वळणांवर गवताचे भारे रचले जात, दोर बांधले जात, आणि दूरदूरच्या देशांतून आलेल्या मोटारी त्या रस्त्यावर शर्यत धावत. सिंगापूरची ग्रां प्री. ही गोष्ट साठेक वर्षांपूर्वीची. आता शहरात दिव्यांच्या झगमगाटात शर्यत होते आणि तिला भक्कम कुंपण असतं. तेव्हा आमच्याकडे कुंपण कसलं? एका बाजूला खोल गटार, दुसऱ्या बाजूला विजेचे खांब, आणि माणसं दोराला टेकून उभी.

शाळेजवळच्या वळणाला लोक सैतानाचं वळण म्हणत. गाड्या झाडीमागून यायच्या, अगदी जवळ आल्याखेरीज दिसायच्या नाहीत. आणि माणसांची खोड अशी, की गाड्या गेल्या रे गेल्या की दोराखालून वाकून रस्त्यावर यायचं. त्यांना मागे सारायला कुणीतरी हवं होतं. क्वेक सरांनी आपलं नाव दिलं आणि शाळेकडून मला मागून घेतलं. गर्दीत हरवलीच तर ओळखू यावी म्हणून त्यांनी माझ्या तोंडाच्या आतल्या कडेला लाल रंगाचा पट्टा ओढला. हा पट्टा लक्षात ठेवा.

गाडी येतेय हे कसं कळायचं, सांगू? आधी पक्षी गप्प होत. माकडं वरच्या फांद्यांवर जात. मग जमिनीतून एक थरथर निघायची, सरांच्या पायांतून हातात, हातातून माझ्या मुठीत, आणि माझ्या आतला लोलक कुणी न हलवता गुणगुणू लागायचा. सर तेवढ्यावर मला वाजवत. उजव्या हातात मी, डावा हात आडवा पसरलेला, छातीनं गर्दीला रेटत ते म्हणत, "मागे व्हा. गाडी येतेय." माणसं दोरामागे जात. आणि मग ती यायची.

काय सांगू तुम्हाला. उघड्या चाकांची, जमिनीला चिकटलेली, लाल किंवा हिरवी किंवा निळी. चालवणाऱ्याचं डोकं आणि खांदे वाऱ्यात उघडे, पण हात इतके स्थिर, की समईची वात पुढं सारणाऱ्याचेही तेवढे नसतील. तो आवाज कानानं ऐकायचा नव्हताच. तो छातीतच उठायचा. मागं जळलेल्या एरंडेलाचा वास रेंगाळत राहायचा, कारण त्या गाड्यांच्या इंजिनात तेच तेल घालत. आणि गर्दी? मलयी, चिनी, तमिळ, गोरे, सगळ्यांची तोंडं उघडी, सगळ्यांच्या माना एकदम डावीकडून उजवीकडे. ओरडत कुणी नसे. फार मोठं काही समोरून गेलं की माणूस आधी गप्प होतो. देवासमोरही तो असाच होतो, हे मला पुढं देवघरात आल्यावर कळलं.

एका वर्षी पावसाची सर येऊन गेली होती. रस्ता चकचकत होता. शेंगा विकणारी एक मुलगी रस्त्याच्या कडेला वाकून आपली टोपली सावरत होती. माझा लोलक गुणगुणला, सरांनी मला जीव तोडून वाजवलं, तरी ती हलेना. तेव्हा आमच्या त्या मवाळ सरांनी तिला चक्क ढकललं. ती दोरापलीकडे गवतात पडली आणि उठता उठता तिनं सरांचा असा काही उद्धार केला, की पुढचे चार जण हसले. ते हसू ओठांवर असतानाच एक हिरवी गाडी वळणावर घसरली, गरगर फिरली, ती मुलगी उभी होती तिथून गेली आणि गवताच्या भाऱ्यांत शिरली.

टोपलीचा चुरा झाला होता. रस्ताभर शेंगा. चालवणारा उतरला. त्यानं शेंगा पाहिल्या, मुलीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग हातमोजा काढून दोन बोटं माझ्या कडेला लावली, आणि निघून गेला. त्या बोटांचा स्पर्श अजून माझ्या अंगावर आहे.

पुढं त्या मुलीनं सरांशी लग्न केलं. ती शाळेत त्यांचा डबा घेऊन यायची, म्हणून मला ठाऊक.

मग शर्यत बंद झाली. काही वर्षांनी शाळाही. बाकं गेली, फळे गेले, आणि मी एका भंगारवाल्याच्या गोण्यांमागं जाऊन पडले. माझी मूठ वाळवीनं खाल्ली. माझ्या पोटात कुणी गंजके खिळे भरून ठेवले. वाजवायला हात नसला, की घंटेला दिवस काय आणि वर्ष काय.

एके दिवशी जुन्या वस्तूंच्या बाजारात एका बाईनं मला उचललं. त्या मेधाताई. पुण्याच्या, नवरा श्रीनिवास रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत संगणकाचं काम बघतो, मुलगी इरा शाळेत जाते. सकाळी दिवा लावून घंटा वाजवल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही, हा ताईंचा नेम. पुण्याहून आणलेली त्यांची घंटा तडकली होती. त्यांनी मला उलटं केलं, आतली लाल खूण पाहिली आणि त्यांचा हात छातीशी गेला.

"शेंदूर आहे हा," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "कुणाच्या तरी देवघरातली आहे. अशी उघड्यावर नको राहायला."

"अगं, ही शाळेची घंटा दिसतेय," श्रीनिवास म्हणाला. "देवांचा तास भरवणार आहेस का?"

ताई हसल्या, पण मला घरी घेऊन आल्या. बाहेरून चिंचेनं घासून लख्ख केलं, नवी मूठ बसवून घेतली. आतल्या लाल पट्ट्याला मात्र बोट लावलं नाही. देवाचा शेंदूर पुसायचा नसतो, म्हणाल्या. चूकच होती ती त्यांची. पण इतक्या प्रेमानं केलेली चूक मी कधी पाहिली नव्हती.

इराला त्या एकदा सांगत होत्या, की देवांनी यावं आणि राक्षसांनी निघून जावं म्हणून पूजेआधी घंटा वाजवतात. मी ऐकून थक्क झाले. सैतानाच्या वळणावर मी दुसरं काय करत होते?

मागच्या वर्षी शेजारच्या फ्लॅटमध्ये सू लिन राहायला आली. नोव्हेना भागातल्या एका दवाखान्यात काम करते. सोबत तिचे वडील, व्हीलचेअरमध्ये. आजारपणात त्यांची वाचा गेली होती, आणि बरीचशी आठवणही. पहिल्याच सकाळी ताईंनी मला वाजवलं. दोन्ही घरांची दारं उघडी होती, मधे फक्त जाळी. पलीकडच्या म्हाताऱ्याची मान वर झाली. त्यांचा डावा हात आडवा पसरला, ते खुर्चीतून उठायला धडपडले आणि लेकीला छातीनं मागे रेटू लागले.

क्वेक सर.

मित्रांनो, मी ओळखलं. पण घंटेला एकच शब्द येतो, आणि तोही दुसऱ्यानं बोलायला लावला तर.

रोज सकाळी असंच होऊ लागलं. इरानं एकदा तसा हात पसरून दाखवला आणि म्हणाली, "क्वेक अंकल ट्रॅफिक पोलिससारखं करतात, आई. सो कूल ला." तो शेवटचा 'ला' इथल्या बोलीचा. ताईंनी तिला दटावलं, मोठ्या माणसांची नक्कल करायची नसते. आणि एका संध्याकाळी सू लिन दारात आली. फार दमलेली दिसत होती.

"तुमची पूजा मला आवडते, खरंच," ती म्हणाली. "पण घंटा वाजली की पपा घाबरतात. मला ढकलतात. आज मी पडता पडता वाचले. काही दिवस बंद ठेवाल का?"

ताईंनी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी खणाच्या कापडाची एक चिंधी माझ्या लोलकाला गुंडाळली आणि देवापुढं हलकेच टाळी वाजवली. नेम मोडला की काय, ही रुखरुख त्यांच्या तोंडावर दिसत होती. श्रीनिवास म्हणाला, बाळकृष्णाला गजर लागत नाही गं, तो आपला आपण उठतो.

मी गप्प झाले, तसे सरही विझत गेले. जेवण नको, औषध नको. पूजेच्या वेळेला फक्त मान वळवून आमच्या दाराकडे बघत बसायचे. ते ताईंच्या लक्षात आलं होतं. हे घाबरणं नव्हे, असं त्या नवऱ्याला म्हणाल्याही. पण दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं बोलायचं, म्हणून राहिल्या. मग सू लिननंच येऊन सांगितलं. नोकरी सांभाळून तिला आता झेपत नव्हतं. पपा तिला ओळखत नाहीत, जवळ गेलं की ढकलतात. शुश्रूषागृहात जागा मिळाली होती. शनिवारी सकाळी ती त्यांना तिथं पोचवणार होती. एवढं सांगताना ती तीनदा थांबली.

शनिवारी ताईंची पूजा आटोपत आली होती, तेवढ्यात बाहेर व्हीलचेअरची चाकं वाजली. घरातून माणूस निघालं, की त्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही आपली रीत. ताई पूजेचं तबक तसंच उचलून, त्यात दह्याची वाटी ठेवून बाहेर गेल्या. तबकात मीही होते, तोंडात चिंधी घेऊन.

ताईंनी वाकून सरांचा तळवा उघडला. सरांनी दह्याकडे पाहिलं नाही. त्यांचा हात तबकावरून सरकत आला आणि त्यांनी मला उचललं. उलटं केलं. अंगठा आत घालून कडेवरून फिरवला, अगदी सावकाश, आणि लाल पट्ट्यावर तो थांबला. मग त्यांनी चिंधी ओढून काढली.

आणि मला वाजवलं. ताई वाजवतात तसं नव्हे. जीव तोडून, सैतानाच्या वळणावर वाजवायचे तसं. डावा हात आडवा झाला. खुर्चीतून अर्धवट उठून त्यांनी लेकीला छातीनं भिंतीशी रेटलं आणि म्हणाले, "मागे व्हा. गाडी येतेय."

तोच हळू आवाज.

सू लिन भिंतीला टेकून उभी राहिली. वडिलांचा आवाज तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "पपा," ती म्हणाली, "कुठली गाडी?"

"हिरवी," सर म्हणाले. "शेंगावाली ऐकत नाहीये."

तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिची आई शेंगा विकायची. तुझ्या पपांनी पहिल्या भेटीत मला भर रस्त्यात ढकललं होतं, असं ती आयुष्यभर हसत सांगायची, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना ती थट्टाच वाटायची.

"ते मला ढकलत नव्हते," सू लिन ताईंना म्हणाली. "ते मला वाचवत होते. रोज."

तिनं व्हीलचेअर फिरवली आणि घरात परत नेली.

काही आजार घंटेनं बरे होत नाहीत, आणि मी खोटं सांगणार नाही. सर अजून पुष्कळ विसरतात. दुपारी त्यांना डे केअरला पाठवावं लागतं. पण सकाळी ते आमच्या दाराशी येतात आणि मला वाजवण्याचा मान आता त्यांचा आहे. आतला लाल पट्टा कसला, ते सरांच्या तुटक शब्दांतून ताईंना कळलं आहे. त्या एवढंच म्हणाल्या, की शेंदूर नसेना का, पुसायचा मात्र नाही.

म्हणून मित्रांनो, एखाद्या जुन्या वस्तूवर न समजणारा डाग दिसला, तर घासण्याआधी जरा थांबा. आणि एखादं म्हातारं माणूस हात पसरून तुम्हाला मागे सारू लागलं, तर रागावण्याआधी विचारा, की त्याला काय येताना दिसतंय.

आज सकाळचीच गोष्ट. सरांनी मला वाजवलं, हात आडवा धरला. ताई निरांजन घेऊन थांबल्या, सू लिन थांबली, दप्तर पाठीवर घेतलेली इरा थांबली. बाहेर रिकाम्या कॉरिडॉरमध्ये काहीच नव्हतं. सरांची मान सावकाश डावीकडून उजवीकडे वळली, आणि पाठोपाठ त्या तिघींचीही. माझा लोलक, कुणी न हलवता, किंचित गुणगुणत होता.