भात्यावरचं कुंकू

बाळकुमच्या दामाजीने तसबिरी काढायची पेटी घेतली तेव्हा गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, मिठागराच्या मालकाला हे खूळ सुचलं कुठून? दुसरा म्हणे, सुचलं तर सुचलं, पहिली तसबीर माझी काढ. राणीची ज्युबिली होऊन थोडीच वर्षं झाली होती. ठाण्यात एक पारशी छबीवाला होता. पावसाळ्यात मिठागरं बंद असली की दामाजी त्याच्याकडे तसबिरीच्या काचा धुवायला जाई, आणि धुता धुता शिकला. पेटी मात्र त्याने कल्याणच्या विश्रामशेटच्या दुकानातून घेतली. शेट दिवे, घड्याळं, काचसामान विकत असे. त्याने ती मुंबईहून खास मागवली आणि दामाजीच्या हातात देण्याआधी स्वतः उघडून पाहिली.

पेटीचा थाट असा. पुढे भिंग, मागे काच बसवायची चौकट आणि मधे घड्याघड्यांचा कातडी भाता, बाजाच्या पेटीला असतो तसा. भात्याचं काम एकच, आतला अंधार सांभाळायचा.

दामाजीची बायको मनुबाई देवाधर्माची. तिच्या तोंडून मोठा शब्द कधी कोणी ऐकला नव्हता. त्या चातुर्मासात तिने मौन धरलं होतं. सकाळी उठल्यापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत बोलायचं नाही. दामाजी थट्टेने म्हणे, "हिनं मौन धरलं काय नि सोडलं काय, घराला कळत नाही."

खंडेनवमीला घरातलं प्रत्येक अवजार पुजलं जातं. मिठागराची फावडी, पाटे, कोयते, तराजू सगळं धुऊन ओटीवर मांडलं होतं. मग पेटी का मागे राहावी? दामाजीने ती तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवली, भाता पुरता ताणून ठेवला आणि बजावलं, "पुढच्या काचेला बोट लावायचं नाही. बाकी काय पूजा करायची ती कर." एवढं सांगून तो मिठागरावरच्या पूजेला गेला.

मनुबाईने काचेला बोट लावलं नाही. लाकडाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि उदबत्त्यांचा जुडगा हातात घेऊन ओवाळू लागली. ओवाळता ओवाळता पदर खांद्यावरून ओघळला. तो सावरायला ती वाकली आणि जुडग्यातल्या एका उदबत्तीचा निखारा भात्याच्या घडीवर टेकला. टेकला तो इतकाच की कातडं करपल्याचा वास आला. तिने अंगठ्याने पुसलं. मोहरीएवढा डाग दिसला. तिला वाईट वाटलं, पण देवाच्या कामात झालं ते देवच झाकेल, असं म्हणून तिने त्या डागावरच कुंकवाचं बोट टेकवलं. झाकलं गेलं. ती विसरली.

दसऱ्यानंतर दामाजीने पहिली तसबीर काढली ती गोमाजीबाबाची. गावचं वडील माणूस. नवं धोतर, डोक्याला लाल टोपी, बाजूला बायको आवडाबाई. न हलता बसून बसून दोघांची मान आखडली. तसबीर उठली तेव्हा आवडाबाईचा चेहरा नाकातल्या नथीसकट स्पष्ट, आणि गोमाजीबाबाच्या तोंडाच्या जागी पांढरा ढग.

"अरे मेल्या, माझ्या धन्याचं तोंड कुठं ठेवलंस?" आवडाबाई ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायला लागली. तोंड पुसलं गेलं म्हणजे माणूस पुसला जाणार, हे तिच्या मनाने घेतलं. गोमाजीबाबा हसून म्हणाला, "चाळीस वर्षं हिनं मला तोंड उघडू दिलं नाही, आता ते दिसतही नाही. बरं झालं." पण त्या संध्याकाळी तो जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी ओटीवर आलाही नाही.

दामाजीने आणखी दोन काचा खर्ची घातल्या. प्रत्येकीवर त्याच जागी ढग. तेव्हा त्याने भर दुपारी पेटी उन्हात नेली, भिंगावर झाकण घातलं, मागून काळं कापड डोक्यावर ओढून आत पाहिलं आणि मोठ्याने शिवी हासडली.

"अगं ए, इकडे ये. डोकं घाल आत. बघ त्या विश्रामशेटचा नवा माल!"

मनुबाईने कापडाखाली डोकं घातलं. आत काळामिट्ट अंधार होता आणि त्या अंधारात वरच्या बाजूला एक चांदणी चमकत होती. इवलीशी. तिला कातडं करपल्याचा वास पुन्हा आला. वास आता तिथे नव्हता, तरी आला.

"भात्यालाच भोक आहे," दामाजी बाहेरून सांगत होता. "फसवलं म्हाताऱ्याने. उद्याच्या भरतीला कल्याणला जातो. पेटी त्याच्या पुढ्यात आपटतो. पैसे परत, नाहीतर दुसरी पेटी. दुरुस्ती-बिरुस्तीचं नाव काढायचं नाही. नवी वस्तू आहे, ठिगळ कशाला लावू?"

सूर्य केव्हाच डोक्यावरून कलला होता. मनुबाईचं त्या दिवसाचं मौन सुटलेलं होतं. तिला बोलता येत होतं. ती कापडाखालून बाहेर आली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "पाणी देऊ का?"

रात्रीचं जेवण झालं तरी ती बोलली नाही. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. मग त्याचा चेहरा दिसायचा. गावासमोर नाक कापलं गेलेला माणूस. वर हेही सांगायचं की ज्याला शिव्या घालतोस तो चोर नव्हे, चोर तुझ्या चुलीपाशी बसलाय? सकाळी ती उठली, अंगणातल्या तुळशीला पाणी घातलं, मौन सुरू झालं, आणि तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

कल्याणच्या किल्ल्यावरच्या देवीची ओटी नवरात्रात भरायची राहून गेली होती, म्हणून दामाजीने तिलाही होडीत घेतलं. होडी धाकू कोळ्याची. भरती खाडीतून वर ओढत होती. धाकू नुसता सुकाणूला हात लावून बसला होता, आणि दामाजीचं तोंड चालू होतं.

"विश्रामशेट म्हणजे मोठा माळकरी! माळ गळ्यात आणि भोक मालात."

"मी बोलतो ना दामाजीशेट," धाकू म्हणाला, "जो जास्ती नाम घेतो त्याचा तराजू बघून घ्यावा. मागं त्यानं माझ्या बायकोला कंदील दिला. तोपण धूर करतो."

"कंदील तुझी बायको पुसते का कधी?"

"ते नाय विचारायचं," धाकू म्हणाला, आणि दोघं हसले. डोंबिवलीच्या बाजूचा किनारा मागे पडला. तिथे दोन बायका शिंपल्या वेचत होत्या. दामाजीने त्यांनाही हाळी देऊन सांगितलं की कल्याणच्या शेटकडून काही घेऊ नका. मनुबाई पेटीशेजारी बसून होती. घडीत अडकलेलं कुंकू तिला दिसत होतं. बाकीचं केव्हाच झडून गेलं होतं. तिने नख घालून तेही काढायला हात पुढे केला, आणि आपण काय करतोय हे कळताच हात मागे घेतला.

विश्रामशेटचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. शेट सावकाश उठला. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात तुळशीची माळ. दामाजीने जे बोलायचं ते उंबऱ्यावरूनच बोलून घेतलं, चार गिऱ्हाइकांच्या देखत. शेटने मधे तोंड घातलं नाही. पेटी उन्हात घेतली, काळ्या कापडाखाली शिरला, बराच वेळ आत राहिला.

"आहे," बाहेर येऊन तो म्हणाला. "भोक आहे खरं." मग भात्यावरून बोट फिरवताना घडीतलं कुंकू त्याच्या बोटाला लागलं. ते पाहून तो मनुबाईकडे वळला. "खंडेनवमीला पूजा केलीत ना, वहिनी? बरं केलंत. वस्तू घरात आली की तिला घरची करून घ्यावी."

मनुबाईने मान खाली घातली.

"तिचं मौन आहे दुपारपर्यंत," दामाजी म्हणाला. "पूजेचं राहू द्या. भोकाचं बोला. पेटी परत घेता का बदलून देता?"

"परतही घेतो, बदलूनही देतो. तुम्ही म्हणाल ते. मुंबईला पत्र टाकतो, महिनाभरात दुसरी येईल."

दामाजीला एवढ्या सहज मिळालेलं पचलं नाही. भांडायला आणलेला दम उरला होता. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तो गणपती आहे ना मागे? त्याच्यावर हात ठेवून सांगा, पेटी दिलीत तेव्हा भाता धड होता."

शेटने मागच्या कोनाड्यातल्या गणपतीकडे पाहिलं. हात उचलला. अर्ध्यावर थांबवला.

"कसा ठेवू?" तो हळू म्हणाला. "मी पाहिलं होतं. असंच पाहिलं होतं, कापडाखाली. मला तर सगळा अंधार दिसला. पण दामाजी, ह्या डोळ्यांना आता दिवा दोन दिसतो. भोक समोर आहे, म्हणजे माझ्या नजरेतून सुटलं असणार. शपथ नाही घेत. चूक माझी धरा." आणि तो गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "ह्यापुढे बारीक माल मी तपासत नाही बाबांनो. माझ्या भरवशावर घेऊ नका."

आयुष्यभर ज्या नजरेच्या बळावर दुकान चाललं, ती नजर त्या माणसाने चारचौघांत टाकून दिली. जी नजर चुकलीच नव्हती.

मनुबाईच्या ओठांवर शब्द आला. ऊन अजून दुकानाच्या पायरीवर होतं, डोक्यावर नव्हतं. ती बोलली, पण इतकं हळू की कोणालाच ऐकू गेलं नाही. मग तिला ते पुन्हा बोलावं लागलं.

"शेट, ते भोक माझ्या हातचं आहे."

दामाजी तिच्याकडे बघतच राहिला. तिचं मौन मोडलं हेच आधी त्याच्या ध्यानात आलं, शब्द मागून पोचले.

"उदबत्ती लागली. पूजेत." ती जमिनीकडे बघत सांगत होती. "मी वर कुंकू लावलं. काल कापडाखाली बघितलं तेव्हाच कळलं मला. तरी गप्प राहिले. तुमचे डोळे चांगले आहेत."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं तिला वाटलं. दामाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो एकदा शेटकडे, एकदा गिऱ्हाइकांकडे बघू लागला, आणि शेवटी खाली बसून पेटीचा पट्टा उगाच सोडू-बांधू लागला.

"शेट," तो म्हणाला, "मी जे बोललो..."

"ते मागाहून बोला," शेट म्हणाला. "आता हे बघू. बदलून हवी असेल तर अजूनही..."

"नको! परत नको, बदली नको. ठिगळ लावा."

शेटने दुकानातून बकऱ्याच्या कातड्याचा तलम तुकडा काढला. भजनी मंडळाच्या बाजाच्या पेटीला लावून उरलेला. सरस तापवला, तुकडा आतून चिकटवला. मग कापड मनुबाईपुढे धरलं. "तुम्हीच बघा, वहिनी."

तिने डोकं आत घातलं. चांदणी नव्हती. ती गरजेपेक्षा जास्त वेळ त्या अंधारात राहिली, कारण तिथे तिचं तोंड कोणाला दिसत नव्हतं.

देवीची ओटी भरताना तिने काही मागितलं नाही. हात जोडले आणि मोडलेल्या व्रताचं देवीला सांगितलं. कुठलं मोडलं, आजचं की कालचं, हे तिला नीट सांगता येईना.

परतीला ओहोटी होती. होडीत मौन पाळायचं कारण उरलं नव्हतं, तरी दोघं गप्प होती. धाकूला राहवेना.

"काय दामाजीशेट, दिली का नाय बदलून? का माळ दाखवली म्हाताऱ्यानं?"

मनुबाईने पदर घट्ट धरला. दामाजी पाण्याकडे बघत होता. त्याने नुसतं 'दिली' म्हटलं असतं तरी भागलं असतं. गावात कोणाला काय कळणार होतं?

"माल चांगला होता," तो म्हणाला. "भोक आमच्या घरात पडलं."

"घरात? कोणी पाडलं?"

"आम्ही."

धाकूने दोघांकडे पाहिलं आणि एकदम सुकाणूकडे वळला. डोंबिवलीच्या बाजूला त्या दोन बायका पुन्हा चिखलात वाकलेल्या होत्या. दामाजी उभा राहिला. होडी हलली. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून हाळी दिली, "अगं बायांनो, सकाळचं माझं खोटं होतं! शेटकडून खुशाल घ्या!" त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. त्यांनी नुसते हात हलवले. तो पुन्हा ओरडला. त्याचा आवाज फाटला.

दुसऱ्या दिवशी गोमाजीबाबा पुन्हा तिकाटण्यासमोर बसला. आवडाबाई त्याचं मनगट धरून होती, सुटून जाईल म्हणून. "मने," ती म्हणाली, "आधी पेटीची दृष्ट काढ. उदबत्ती लाव."

मनुबाईने उदबत्ती लावली, पण ओटीवर नाही. पार अंगणात तुळशीपाशी जाऊन तिथे खोचली आणि परत आली. आवडाबाई म्हणाली, "अगं, इतकी लांब?"

"लांबच बरी, आत्या," मनुबाई म्हणाली. मग, सकाळच होती आणि मौन होतं, हे आठवून तिने तोंडावर हात धरला. दामाजीने कापडाखालून डोकं बाहेर काढलं, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत घातलं.

"बाबा," आतून आवाज आला, "हलू नका. तोंड दिसतंय."