न पेटणारं पाणी

आमच्या शेलार गावात कुणाची अब्रू घालवायला फार काही लागत नाही. गुणाबाईची घालवली तिच्याच नणंदेने, आक्काने, आणि तीही दवाखान्यातल्या एका प्रश्नावरून.

गुणाबाई आणि मी भिवंडीत यूनुसभाईंच्या कारखान्यात कामाला होतो. लूमवरून उतरलेल्या कापडावरचे तेलाचे डाग काढायचे, एवढंच काम. आधी ते पेट्रोलने चालायचं. सत्त्याऐंशी साली त्यापायी शेजारचा कारखाना पेटला, तेव्हा यूनुसभाईंनी नवीन औषध आणलं. वाटीत ओतून त्यांनी त्यात जळती काडी टाकली, तर काडीच विझली. "देखो, पेटतच नाही. पाणी आहे पाणी," ते म्हणाले. तेव्हापासून आम्हीही त्याला पाणीच म्हणायला लागलो, आणि पाण्याला कोण घाबरतं? ओल्या डागावर बाहेरच्या लूमवरून उडणारी कापसाची रुई बसू नये म्हणून खिडक्या बंद करून आम्ही दिवसभर ते पाणी चोळायचो.

वर्षभरात गुणाबाईचे डोळे पिवळे झाले. संध्याकाळी घरी जाताना तिचा तोल जायचा, जीभ जड व्हायची, अंगाला गोडसर वास यायचा. आक्का तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी काविळीच्या माणसाला विचारतात तेच विचारलं, "दारू घेता का?" गुणाबाई नाही म्हणाली, पण आक्काला तो प्रश्नच पुरला. लडकूची बायको चोरून पिते, हे गावभर झालं. आक्काने तिच्या हातचं जेवण सोडलं. तिचा नवरा लडकू स्वतः ताडी झोकून यायचा आणि वर हिलाच शिव्या द्यायचा. मला आजही त्या माणसाचा संताप येतो.

"कमळ, मेले तरी चालंल," गुणाबाई मला म्हणाली. "पन दारू पिऊन मेली म्हनतील. माझ्या पोरीला सून कोन करंल?"

मीच तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काम विचारलं.

"पान्यानं डाग काढते," ती म्हणाली.

"कसले डाग?"

"तेलाचे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तेलाचा डाग पाण्याने कसा निघेल, बाई? ते पाणी उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी बाटली नेली. आक्काही आली, पण आमच्यात न मिसळता बाहेर बाकावर बसली. डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला आणि लगेच बंद केलं.

"हे कार्बन टेट्राक्लोराइड. गोबरगॅस पेटतो ना, तो त्यातल्या मिथेनमुळे. त्याच मिथेनमधला सगळा हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन बसवला की हे तयार होतं. ते पेटत नाही, उलट आग विझवतं. पण त्याची वाफ छातीत गेली की झिंग येते आणि हळूहळू लिव्हर जातं. दारुड्याचं जातं तसंच. बाई, हे काम आजपासून बंद. तुमचं लिव्हर बरंच खराब झालंय, किती भरून येईल ते मला सांगता येणार नाही."

मी बाटलीपासून मागे सरकले. गुणाबाईचा चेहरा मात्र कित्येक महिन्यांनी खुलला.

"म्हंजे दारूनं न्हाय ना?"

"नाही."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग डॉक्टर, भायेर माझी ननंद बसलीय. तिला आत बोलवा न् सांगा. लिव्हरचं ऱ्हाऊ द्या, दारूचं तेवढं सांगा."