नकाशावरचा दुसरा ठिपका

"मॅडम, तुमचा पावणा आलाय आमच्या गोठ्यात," असं म्हणत बाळासोनं खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, आत एक किडा, टेबलावर ठेवली, तेव्हा नंदिनी गुळवणी चपला काढून पाय स्टुलावर टाकून बसली होती. कोल्हापूरच्या कॉलेजात सलग तीन तास शिकवून झालं होतं, घसा बसला होता, आणि अजून मुलांची जर्नल तपासायची राहिली होती.

"ठेव तिकडे. बघते नंतर."

"तोच हाय की. ढांग्या."

बाळासो प्रयोगशाळेत परिचर होता. एकवीस वर्षं. बिद्रीजवळच्या वस्तीवरून रोज एसटीनं यायचा. लांब, काडीसारख्या पायांच्या त्या माशीला मराठीत नाव काय, हे नंदिनीलाही कधी सापडलं नव्हतं. लोक तिला मोठा डास समजतात आणि घाबरतात. ती चावत नाही, प्रौढ झाल्यावर जेमतेम काही दिवस जगते, आणि नुसतं धरलं तरी तिचे पाय गळून पडतात. बाळासोनं तिचं 'ढांग्या' करून टाकलं होतं.

नंदिनीनं बाटलीकडे बघितलंही नाही. तिचा ढांग्या घाटातला होता. राधानगरीच्या वरच्या अंगाला एका वाडीच्या माथ्यावर बारमाही झरा आहे. तिथल्या ओल्या शेवाळातच ही जात सापडते, असं तिनं सहा वर्षांच्या पायपिटीनंतर लिहिलं होतं. एकोणतीस झरे धुंडाळले होते. गुडघे त्यातच गेले. लेख स्वीकारला गेला होता, फक्त शेवटची तपासणी बाकी होती. त्यातल्या नकाशावर सगळ्या जिल्ह्यात मिळून एकच ठिपका होता.

आणि त्या ठिपक्यावर बरंच काही अडकलं होतं. झऱ्याच्या वर जांभ्या दगडाची खाण व्हायची होती. वाडीतल्या आकारामनं लेखाची प्रत गावाच्या हरकतीला जोडली होती. जगात दुसरीकडे कुठं नसलेला जीव इथं आहे, असं त्यात लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. जनसुनावणी अठरा दिवसांवर होती.

बाटली दोन दिवस तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी टेबल आवरताना ती टाकून द्यावी म्हणून नंदिनीनं उचलली, आणि सवयीनं आतला कीटक भिंगाखाली घेतला.

पाय दोनच उरले होते. मांडीच्या टोकाला काळं कडं, त्याच्या आत पांढरी रेघ. असं बऱ्याच जातींत असतं. पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होती, ती तर सगळ्या कुळातच असते. पंखामागचे तोल सांभाळणारे दोन छोटे दांडे, त्यांची टोकं पिवळी. तिनं चष्मा पुसला. पंखाच्या कडेला तपकिरी डाग होता आणि त्याच्याखालची शीर मधेच तुटलेली होती.

नराची जात पक्की ठरते ती शेपटीवरून. तिनं पोटाचं टोक कापून कॉस्टिकच्या पाण्यात ठेवलं. वरचं मऊ सगळं विरघळेपर्यंत चहा घ्यावा म्हणून उठली आणि न घेताच परत बसली. मग भिंगात बघितलं. मादीला धरून ठेवणारे दोन आकडे, आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूला फणीसारखे तीन दात. मधला आखूड.

हे तीन दात तिनं लेखासाठी स्वतः रेखाटले होते, चार वेळा, टोकदार पेन्सिलीनं.

तिनं भिंग बाजूला सरकवलं. बिद्री म्हणजे सपाट मुलूख. ऊस, कारखाना, गोठे, मळीचा वास. आपण तिथं एकदाही का शोधलं नाही, याचं उत्तर तिला माहीत होतं. असले जीव डोंगरातल्या स्वच्छ पाण्यात राहतात, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं आणि तिनं ते खरं मानलं होतं. आता ही बाटली मोरीत रिकामी केली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. बाळासोलासुद्धा नाही. तो विचार आला, आणि तिला आणखीच थकल्यासारखं झालं.

रविवारी ती बाळासोच्या घरी गेली. त्याची बायको शालूबाई गोठा झाडत होती.

"ह्येच्यासाठनं तुम्ही कोल्हापुरातनं आलाय?" ती हसायलाच लागली. "अवो बाई, मी रोज झाडूनं मारतो की ह्येंला. संडासात, गोठ्यात, पाटाच्या कडंला. नुस्ता सुळसुळाट."

गोठ्याचं पाणी चरातून उसाच्या पाटाला मिळत होतं. तिथल्या शेणाळ चिखलावर नंदिनी गुडघे आवळत बसली. एक मादी तिच्यादेखत खाली उतरली, उभ्यानंच पोट वाकवलं, टोकाची सुई चिखलात टोचली, अंडं ठेवलं, हातभर पुढे सरकली, पुन्हा टोचली. मादीला अंडी घालताना तिनं सहा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. चिखल उकरल्यावर मातकट, पाय नसलेल्या अळ्याही निघाल्या. सोळा नर धरले. सोळाही तेच.

"गावला का?" बाळासोनं विचारलं.

"गावला."

"मग तोंड का असं?"

तिनं त्याला सगळं सांगितलं. बाळासोनं हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "मी आणाय नको हुता."

"असं बोलू नकोस," ती म्हणाली. पण क्षणभर तिलाही तसंच वाटून गेलं होतं.

फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. बुधवारी रजा टाकून ती वाडीवर गेली. शेवटचे दोन किलोमीटर चालायचे होते. आकाराम साठीचा, उन्हानं करपलेला माणूस. अंगणातच भेटला. तिनं पाणीही न घेता सांगून टाकलं.

"म्हंजी आता हितला ढांग्या हितलाच न्हाय?"

"नाही. बिद्रीला गोठ्यात आहे. आणखीही ठिकाणी असणार."

"आनि लेखात?"

"लेखात बदल करावा लागेल. अजून छापला नाहीये, तोवर केलाच पाहिजे."

आकाराम भडकला. "सुनावणी हुईस्तवर थांबा की! बारा दिसांनी काय जग बुडतंय? का त्यो खाणवाला तुमच्या घरी आलाता?"

नंदिनी चालून थकली होती. ती पायरीवर बसली. "कुणी आलं नव्हतं. उद्या त्यांचाच माणूस बिद्रीला जाऊन एक माशी धरून आणेल, आकारामदादा. मग तुमचं झऱ्याचं म्हणणंही खोटंच आहे असं म्हणतील."

आकाराम वळला. आत जाऊन तांब्या घेऊन आला आणि तिच्यापुढं आदळला. पाणी गार होतं. ती अर्धा तांब्या प्यायली.

"ह्ये पानी त्याच झऱ्याचं," तो म्हणाला. "चाळीस घरं पित्यात. त्येचं कुनी लिवत न्हाय. माशीचं लिवलं म्हनून आमी माशीला धरून बसलो."

"पाणी किती येतं, कधी मोजलंय?"

"मोजायचं कशाला? यतंय की!"

"मोजा," ती म्हणाली. "रोज सकाळी. घागर भरायला किती वेळ लागतो ते तारखेसह लिहून ठेवा."

निघताना त्यानं रामराम केला नाही.

लेख तिनं त्याच आठवड्यात दुरुस्त केला. 'फक्त इथेच' हे शब्द जिथं जिथं होते तिथून काढले, मादीचं वर्णन घातलं, नकाशावर दुसरा ठिपका दिला आणि बाळासोचे आभार मानले. संपादकांनी कळवलं की आता हा मोठा लेख होत नाही, तीन पानांची टीप होईल. तिनं 'बरं' म्हणून उत्तर लिहिलं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कागल आणि हातकणंगलेकडच्या जुन्या विद्यार्थ्यांनी नमुने पाठवले. नऊ ठिकाणं झाली. सगळी गोठ्यांची, पाटांची, सांडपाण्याची. वरचा झरा त्यांत आता वेगळा दिसत नव्हता.

त्याआधी झालेल्या जनसुनावणीला ती मागच्या खुर्चीवर बसली होती. आकारामनं हरकतीतून लेखाची प्रत स्वतः काढून घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "माशी लई ठिकानी हाय सायेब, ती आमची चूक. पर चाळीस घरांस्नी दुसरा झरा न्हाय." आणि अकरा दिवसांच्या घागरींची वही पुढं केली. अधिकाऱ्यांनी ती उलटसुलट पाहिली. अकरा दिवसांनी काय होतंय, पूर्ण उन्हाळा मोजा, तोवर परवानगी नाही, असा शेरा मारला. जिंकल्यासारखं त्यात काही नव्हतं. हरल्यासारखंही नव्हतं.

एप्रिलमध्ये आकारामचा फोन आला. आधी रामराम, मग थेट कामाचं. "मॅडम, घागरीला मार्चात दोन मिन्टं लागायची, आता साडेतीन. ह्ये लिवलं तर झरा खाणीबिगरच आटतोय म्हनतील, आमच्याच इरोधात जाईल का?"

"जाईल तर जाऊ दे. जे आहे ते लिहा."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "लिवलंय की," तो म्हणाला. "इचारलं आपलं."

नंदिनीनं फोन ठेवला. परीक्षेचे गठ्ठे तपासायचे होते, निवृत्तीचे कागद भरायचे होते. ते तसेच ठेवून तिनं पंखा लावला आणि भर दुपारी आडवी झाली. किती वर्षांनी कोण जाणे, पण लगेच झोप लागली.